प्रोसेसरसाठी स्वस्त एअर कूलर: आधी मोजा, मग घ्या, मग नीट बसवा



आमच्या अकोल्यात मे महिन्यात दुकानात कोणी "कूलर आहे का?" असं विचारलं, की मला आधी उलट विचारावं लागतं, "कोणता? खिडकीतला की कॉम्प्युटरमधला?" गंमत सोडा, पण या दोन कूलरमधला फरक आजच्या धड्याच्या मुळाशी आहे. खिडकीतला कूलर पाण्याची वाफ करून बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा देतो. प्रोसेसरवरचा एअर कूलर तसं काही करत नाही. तो प्रोसेसरची उष्णता उचलून खोलीतल्या हवेत सोडतो, एवढंच. म्हणजे खोली ४० अंशांवर असेल तर तुमचा प्रोसेसर ४० च्या खाली कधीच जाणार नाही, कूलर दीड हजाराचा घ्या नाहीतर दहा हजाराचा.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी कूलर बसवून दाखवला आहे. पण व्हिडिओ बघताना हात दिसतात, स्क्रू दिसतात, आकडे मात्र निसटतात. म्हणून हा लेख. ज्यांचा फोटो स्टुडिओ, डीटीपी, टॅलीचं ऑफिस आहे त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे रिपेअरिंगच्या धंद्यात आहेत त्यांच्यासाठीही. जमलं तर प्रिंट काढून टेबलाजवळ ठेवा.

चोवीस हजारांचं कोटेशन

आधी माझी एक चूक सांगते.

२०२३ चा मे महिना. लग्नसराई. आमच्याकडे एक स्टुडिओवाले दादा आले. त्यांचं मशीन वर्षभरापूर्वी मीच दिलेलं, इंटेल कोअर आय५-१२४०० चं. तक्रार अशी, की लग्नाचा व्हिडिओ रेंडर करायला लावला की पंखा गिरणीसारखा ओरडतो, काम रेंगाळतं आणि दोनदा तर मशीन आपोआप बंद पडलं. चार पार्ट्यांचे अल्बम आणि व्हिडिओ बाकी, रोज फोन.

दुकानात गर्दी होती. मी मशीन उघडलंही नाही. "काम वाढलंय दादा, प्रोसेसर कमी पडतोय," असं म्हणून मोठा प्रोसेसर, त्याला झेपेल असा बोर्ड आणि नवीन पॉवर सप्लाय असं चोवीस हजारांचं कोटेशन लिहून दिलं. दादा तयार होते. पण सोबत वहिनी होत्या, स्टुडिओचा हिशोब त्याच बघतात. त्यांनी कागद हातात धरला आणि एकच विचारलं, "ताई, एवढे पैसे लावले तर फरक पडीन ना नक्की?"

मला "हो" म्हणता येईना. कारण मी काही मोजलंच नव्हतं. मी म्हणाले, "वहिनी, मशीन आज इथेच ठेवा. उद्या सांगते."

रात्री उघडून बघितलं. कूलरच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला, पेस्ट वाळून खडूसारखी झालेली आणि कूलरच्या चार पिनांपैकी एक सुटून वर आलेली. म्हणजे कूलर प्रोसेसरवर तिरका टेकला होता. प्रोसेसरचा काहीच दोष नव्हता. ती पिन कदाचित आमच्याच दुकानातून नीट बसून गेली नसेल, हेही कबूल करते.

शेवटी त्यांचं काम अडीच हजारांच्या आत झालं. कसं, ते पुढे सांगते.

प्रोसेसर गरम झाला की काय होतं?

अनेकांना वाटतं प्रोसेसर तापला की जळतो. आजचे प्रोसेसर सहसा जळत नाहीत, ते स्वतःला वाचवतात. आय५-१२४०० ची मर्यादा १०० अंश आहे. तापमान तिथे पोचलं की तो आपला वेग आपणच कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. वेग उतरूनही तापमान आवरलं नाही, तर मशीन बंद करतो.

म्हणून ग्राहकाची तक्रार "गरम होतं" अशी क्वचित येते. ती "स्लो झालंय", "मधेच बंद पडतं", "फार आवाज येतो" अशी येते. आणि आपण दुकानदार त्यावर रॅम, एसएसडी, नवा प्रोसेसर विकायला बसतो!

आता पाटीवरच्या वॅटबद्दल. १२४०० च्या खोक्यावर ६५ वॅट असतं, पण ती बेस पॉवर आहे. जोर लावताना तो इंटेलच्याच आकड्याप्रमाणे ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. असे काही नेहमीचे प्रोसेसर बघा:

- आय३-१२१००: बेस ६०, कमाल ८९ वॅट
- आय५-१२४००: बेस ६५, कमाल ११७ वॅट
- आय५-१३४००: बेस ६५, कमाल १४८ वॅट
- आय७-१२७००: बेस ६५, कमाल १८० वॅट

बघा, खालच्या तिघांचा बेस ६५ च आहे, पण कमाल आकड्यात जमीन-अस्मानाचा फरक. कूलर निवडताना दुसरा आकडा बघायचा.

खरेदीच्या आधी: तीन आकडे लिहा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

पहिला आकडा खोलीचं तापमान. एक साधा थर्मामीटर घ्या आणि कॅबिनेटजवळ ठेवा, पण त्याच्या मागच्या गरम हवेत नाही.

दुसरा आकडा मशीन रिकामं असताना प्रोसेसरचं तापमान. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प ही मोफत सॉफ्टवेअर चालतात. मशीन सुरू करून दहा मिनिटं काही न करता ठेवा आणि मग वाचा.

तिसरा आकडा कामाच्या ताणात. ग्राहकाचं जे खरं काम आहे, तेच वीस मिनिटं लावा. स्टुडिओ असेल तर रेंडर. तसं काही नसेल तर सिनेबेंच चालवा. शेवटच्या पाच मिनिटांतलं कमाल तापमान लिहून घ्या आणि वेग उतरतोय का तेही बघा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये थ्रॉटलिंगची वेगळी ओळ असते, तिथे "येस" आलं तर चोर सापडला.

आता तिसऱ्या आकड्यातून पहिला वजा करा. ही वजाबाकी म्हणजे तुमच्या कूलरची खरी ताकद. खोली बदलली तरी हा फरक जवळपास तोच राहतो.

हे का सांगते? युट्यूबवरचे बहुतेक परीक्षणवाले एसीच्या खोलीत, २२ ते २५ अंशांत कूलर तपासतात. तिथे प्रोसेसर ७० अंशांवर दिसला म्हणजे फरक साधारण ४५ चा. तोच कूलर अकोल्यात, जळगावात, चंद्रपुरात ४२ अंशांच्या खोलीत लावला तर आकडा ८७ वर जातो. कूलर तोच, प्रोसेसर तोच, गाव वेगळं. म्हणून परीक्षणातला आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही, फरक काढायचा आणि त्यात आपल्या खोलीचं मे महिन्यातलं तापमान मिळवायचं. बेरीज ८५ च्या आत आली तर निश्चिंत राहा. ९५ च्या वर जात असेल तर काम करावं लागेल.

मर्यादा मात्र प्रोसेसरनुसार बघा. रायझन ५ ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे, इंटेलसारखी १०० नाही.

कूलर हवा, की नुसती साफसफाई?

स्टुडिओच्या मशीनवर माझ्या वहीत असं लिहिलेलं आहे:

- आलं तेव्हा: खोली ३८, ताणात १००, वेग उतरलेला.
- धूळ काढून, नवी पेस्ट लावून, पिना नीट बसवून: खोली ३८, ताणात ८६.
- टॉवर कूलर बसवल्यावर: खोली ३८, ताणात ७०.

मधली ओळ परत वाचा. एक रुपयाचा नवीन पार्ट न घालता १०० चे ८६ झाले आणि थ्रॉटलिंग थांबलं. त्यांचं काम दिवसातून तासभर असतं, तर मी तिथेच थांबले असते. पण रेंडर रात्रभर चालतं, स्टुडिओ पत्र्याखाली आहे आणि दुपारी खोली ४३ वर जाते. ८६ मधून ३८ गेले, फरक ४८. त्यात ४३ मिळवा, ९१ होतात. वर पंखा पूर्ण वेगाने ओरडणार. टॉवर कूलरचा फरक ३२ चा, म्हणजे ४३ च्या खोलीतही ७५. म्हणून तिथे कूलर घेणं योग्य होतं.

त्याच महिन्यात एका टॅलीच्या ऑफिसातलं मशीन आलं. तिथे फक्त साफसफाई आणि पेस्ट केली, चारशे रुपये घेतले आणि कूलर विकला नाही. टॅली प्रोसेसरला काही ताण देत नाही. तिथे दोन हजारांचा कूलर म्हणजे ग्राहकाच्या खिशाला भोक.

निवडताना चार प्रश्न

*१. सॉकेट कोणतं?*

इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीसाठी एलजीए १७०० सॉकेट. त्याच्या भोवतीची चार भोकं ७८ मिलिमीटर अंतरावर. १० व्या आणि ११ व्या पिढीचं एलजीए १२०० आणि त्याआधीचं एलजीए ११५१, ११५०, ११५५ यांची भोकं ७५ मिलिमीटरवर. फरक फक्त ३ मिलिमीटरचा, पण जुन्या कूलरच्या पिना नव्या बोर्डात बसत नाहीत. जुना माल स्वस्तात मिळाला तर खोक्यावर "१७००" लिहिलंय का ते आधी बघा.

एएमडीत एएम४ चे बहुतेक कूलर एएम५ वर चालतात, पण अट एक. कूलर बोर्डाबरोबर आलेल्याच मागच्या पट्टीवर, म्हणजे बॅकप्लेटवर, बसणारा हवा. एएम५ ची बॅकप्लेट काढता येत नाही, त्यामुळे स्वतःची बॅकप्लेट लावणारा कूलर तिथे चालत नाही.

*२. कॅबिनेटमध्ये उंची किती?*

इथे माझे पैसे गेले आहेत. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका ग्राहकाला मी न मोजता उंच कूलर बसवून दिला. सगळं झालं आणि कॅबिनेटचं झाकण लागेना! बोटभर कूलर बाहेर. ग्राहक म्हणाला, "राहू द्या ताई, उघडंच वापरतो." दोन महिन्यांत आत उंदराने वायर कुरतडली. कूलर मी परत घेतला, वायरीचा खर्चही मीच दिला.

मोजायची सोपी पद्धत: झाकण काढा. मदरबोर्डाच्या पृष्ठभागावर पट्टी उभी धरा आणि झाकण जिथे येतं त्या कडेपर्यंत मोजा. त्यातून १० मिलिमीटर वजा करा, कारण सॉकेट आणि प्रोसेसरची जाडी त्यात जाते. उरलेली उंची तुमच्या कूलरसाठी.

बाजारात सहज मिळणारे काही कूलर आणि त्यांची उंची:

- थर्मलराइट असॅसिन एक्स १२० एसई: १४८ मिलिमीटर, चार हीटपाइप
- डीपकूल एजी४००: १५० मिलिमीटर, चार हीटपाइप
- थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई: १५५ मिलिमीटर, सहा हीटपाइप, दोन पंखे
- कूलर मास्टर हायपर २१२ ब्लॅक एडिशन: सुमारे १५९ मिलिमीटर

हायपर २१२ नावाचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाची उंची वेगळी, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. बारीक कॅबिनेट असेल तर टॉवर विसरा आणि चपटा कूलर घ्या, किंवा आहे तोच साफ करून वापरा.

*३. किती वॅट झेपणार?*

कूलरच्या खोक्यावर "२२० वॅट" असं मोठ्या अक्षरांत असतं. हा आकडा मोजायची सगळ्या कंपन्यांना सारखी पद्धत नाही, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. माझा सरळ हिशोब असा: कमाल १२० वॅटपर्यंतच्या प्रोसेसरला एक पंखा आणि चार हीटपाइपचा टॉवर पुरतो. आय७ सारखा १८० वॅटपर्यंत जाणारा असेल तर सहा हीटपाइप आणि दोन पंखे बघा.

हीटपाइप म्हणजे काय, हे ग्राहक विचारतो. त्याला भाताच्या पातेल्याचं झाकण आठवायला सांगा. खाली वाफ होते, वर झाकणाला लागून तिचं पाणी होतं आणि परत खाली ठिबकतं. तांब्याच्या बंद नळीत हेच चालतं. प्रोसेसरकडे वाफ, पात्यांकडे पाणी, आणि आतल्या बारीक जाळीतून ते पाणी परत खाली.

*४. रॅमला अडतो का?*

१२० मिलिमीटरचा पंखा बऱ्याच बोर्डांवर रॅमच्या पहिल्या खाचेवर येतो. साधी रॅम असेल तर काही नाही. वर चमकणारी, उंच पट्टीची रॅम असेल तर पंखा वर सरकवावा लागतो आणि तितकी उंची वाढते. मग प्रश्न क्रमांक दोन परत तपासा.

भाव रोज बदलतात, पण एका पंख्याचा चांगला टॉवर साधारण दीड ते अडीच हजारांत बसतो. ऑफिस आणि स्टुडिओच्या कामाला त्याच्या वर जायची गरज क्वचितच पडते. लाइटवाले मॉडेल घेतलं तर जास्तीचे पैसे लाइटचे असतात, थंडाव्याचे नाहीत.

बसवणं: पायरी पायरीने

१. मशीन पाच-दहा मिनिटं चालवून थोडं कोमट करा, मग बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण एकदा दाबून धरा. कोमट का? थंड पेस्ट गोंदासारखी धरते.

२. जुना कूलर काढा. इंटेलच्या पिनांचा असेल तर डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने पिन फिरवा आणि वर ओढा. एएम४ असेल तर जपून! तिथे पिना प्रोसेसरला असतात. कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो आणि पिना वाकतात. आधी कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवा, सैल झाला की मगच उचला.

३. एएम४ चे स्क्रू काढताना मागची बॅकप्लेट हाताने धरून ठेवा, नाहीतर ती निसटून पडते.

४. जुनी पेस्ट पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा. घरातलं वास येणारं सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. धूळ ब्लोअरने काढताना पंख्याचं पातं बोटाने धरा, त्याला भोवऱ्यासारखं गरगर फिरू देऊ नका.

५. नव्या कूलरची बॅकप्लेट मागून लावा. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला मोठी खिडकी असेल तर बोर्ड काढावा लागत नाही. खिडकी नसेल तर आळस न करता बोर्ड बाहेर काढा. बोर्ड आतच ठेवून चिमट्याने झटापट करण्यात बोर्डावर ओरखडा पडतो आणि मग दोन हजारांचं काम दहा हजारांत जातं.

६. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढा. हे वाक्य परत वाचा. आमच्या बॅचमध्ये दर वेळी एकजण तरी हे विसरतो. मी विद्यार्थ्यांना सांगते, काढलेलं प्लास्टिक शर्टाच्या खिशात ठेवा. खिशात नसेल तर ते कूलरखाली आहे.

७. पेस्ट लावा. प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी. इंटेलचे नवे प्रोसेसर लांबट आहेत, तिथे मधल्या थेंबाच्या वर आणि खाली मोहरीएवढा एकेक थेंब चालेल. बोटाने पसरवू नका, कूलरचा दाब पसरवतो. टूथपेस्ट लावणारे महाभागही मी बघितलेत. ती थोड्याच दिवसांत सुकते आणि मशीन परत दारात येतं.

८. कूलर सरळ वरून ठेवा आणि घसरवू नका. स्क्रू एका बाजूने पूर्ण आवळायचा नाही. इकडे दोन फेरे, तिकडे दोन फेरे, असं आळीपाळीने. चारचाकीचं स्टेपनी बदलताना नट समोरासमोर आवळतो ना, तोच नियम. स्क्रू आपणहून थांबला की तुम्हीही थांबा.

९. पंख्याची दिशा बघा. जाळीसारखी फ्रेम आणि स्टिकर ज्या बाजूला दिसतो, हवा त्या बाजूने बाहेर पडते. ती बाजू कॅबिनेटच्या मागच्या भिंतीकडे हवी. पुढून थंड हवा आत, मागून गरम हवा बाहेर. मागे पंखाच नसेल तर आधी तो लावा. नाहीतर कूलर तीच गरम हवा आतल्या आत फिरवत बसतो.

१०. पंख्याची चार पिनांची वायर बोर्डावरच्या "सीपीयू फॅन" लिहिलेल्या जागीच लावा. दुसरीकडे लावली तर बरेच बोर्ड सुरू होताना "सीपीयू फॅन एरर" दाखवतात. चौथी पिन पंख्याचा वेग कमी-जास्त करण्यासाठी असते. वायर पात्यात अडकणार नाही अशी बांधा.

झाकण लावायच्या आधी आणि नंतर

आधी झाकण उघडं ठेवून सुरू करा, पंखा फिरतो का बघा आणि बायोसमध्ये तापमान वाचा. ते दर सेकंदाला झरझर वाढत असेल तर लगेच बंद करा. प्लास्टिक राहिलंय किंवा कूलर टेकलेला नाही.

मग झाकण लावून पुन्हा तेच वीस मिनिटांचं काम, तोच थर्मामीटर, तेच तीन आकडे. चाचणी झाकण लावूनच करायची, कारण ग्राहक मशीन तसंच वापरणार आहे.

आणखी दोन गोष्टी. मशीन खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. खोली थंड होणं चांगलं, पण ओलसर हवा आणि धूळ एकत्र आली की पात्यांवर चिखल बसतो. दुसरं, टॉवर कूलर अर्धा किलोच्या वर भरतो. मशीन मूर्तिजापूर, बाळापूरला गाडीतून पाठवताना कॅबिनेट आडवं झोपवा, म्हणजे बोर्ड खाली आणि कूलर वर उभा राहील. उभं पाठवलं तर प्रत्येक खड्ड्याला कूलर बोर्डाला हिसके देतो.

धंद्याची बाजू

बीबीएला आम्हाला ब्रेक-इव्हन शिकवला तेव्हा पुस्तकात कारखान्यांची उदाहरणं होती. मला तो खरा समजला या स्टुडिओच्या मशीनवर.

त्यांचा कूलर १,९०० चा, मजुरी ४००. एकूण २,३००. आधी जो व्हिडिओ रेंडर व्हायला साडेतीन तास लागायचे, तो पावणेतीन तासांत होऊ लागला. दिवसाला दोन व्हिडिओ धरले तर दीड तास वाचला. त्या सीझनला वेळेवर दिलेल्या एका ऑर्डरमध्ये त्यांचे पैसे वसूल झाले. माझं काय? चोवीस हजारांच्या कोटेशनमध्ये मला साधारण दोन हजार सुटले असते. इथे कूलर आणि मजुरी मिळून सातशे सुटले.

वहीत बघितलं तर तेराशेचा तोटा. पण ते कोटेशन लागलं असतं, तर नव्या, जास्त वॅटच्या प्रोसेसरने त्याच पत्र्याखाली, त्याच धुळीत पुढच्या मे मध्ये पुन्हा तेच केलं असतं. आणि वहिनींनी तो कागद घेऊन मला पुन्हा तोच प्रश्न विचारला असता. तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. छोट्या गावात असा एक प्रश्न दहा दुकानांत पोचतो.

त्या दिवसापासून दुकानात एक नियम केला आहे. मोजल्याशिवाय कोटेशन नाही. बिलाच्या मागे आम्ही सहा आकडे लिहितो: खोली, रिकामं आणि ताणात, आधीचे तीन आणि नंतरचे तीन. ग्राहक तो कागद जपून ठेवतो. पुढच्या वर्षी मशीन आलं की तोच कागद बघून पाच मिनिटांत कळतं, पेस्ट वाळली की नुसती धूळ आहे. जुना कूलरही खोक्यात घालून ग्राहकाला परत द्या. तो त्याचा आहे, आणि उद्या नव्याचा पंखा गेला तर दोन दिवस काम भागतं.

या आठवड्याचा अभ्यास

१. तुमच्या स्वतःच्या मशीनचे तीन आकडे काढा आणि वजाबाकी लिहा.

२. त्यात तुमच्या खोलीचं मे महिन्यातलं तापमान मिळवा. किती आलं?

३. झाकण काढून उंची मोजा, १० वजा करा आणि वर दिलेल्या चार कूलरपैकी कोणते बसतील ते लिहा.

४. रिपेअरिंगवाल्यांनी मागच्या महिन्यातली "स्लो आहे" म्हणून आलेली तीन मशीनं आठवावीत. त्यातल्या कितीचं तापमान मोजलं होतं? खरं लिहा, कोणी बघणार नाही.

स्टुडिओवाले दादा-वहिनी यंदा सीझनच्या आधीच मशीन घेऊन आले, साफ करायला. वहिनींच्या हातात तोच जुना बिलाचा कागद होता. मी आकडे काढले आणि त्याखाली नवी ओळ लिहिली. खोली ३५, ताणात ६८. फरक ३३, म्हणजे जवळपास पहिल्या दिवसाइतकाच. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं.

पुढच्या व्हिडिओत कॅबिनेटचे पंखे: किती लावायचे आणि कुठे. तोपर्यंत मोजत राहा.